नाव न सांगता खेळलेला सामना

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचं बंदराचं शहर आहे. पश्चिमेकडून तुम्ही गाडीने तिथे शिरलात, की आधी हंबर नदीवरचा प्रचंड झुलता पूल दिसतो. तिथून थेट शहराच्या मध्यापर्यंत एक मोठा रस्ता जातो. सरकारी नकाशात तो ‘ए ६३’ आहे. पाटीवर मात्र नाव लिहिलंय, क्लाइव्ह सलिव्हन वे. कंटेनर घेऊन बंदराकडे निघालेला ड्रायव्हर असो की ऑफिसला उशीर झालेला बाइकवाला, रोज हे नाव वाचल्याशिवाय कुणी शहरात येत नाही.

आता गंमत बघा. हाच क्लाइव्ह सलिव्हन या शहरात पहिल्यांदा खेळला, तेव्हा तो कोण आहे हे प्रेक्षकांना सांगितलंच नव्हतं. नाव गुप्त ठेवून तो मैदानात उतरला होता.

मागच्या महिन्यात मी आमच्या मास कॉमच्या वर्गात एक प्रश्न टाकला होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कॅप्टन कोण? कुठलाही खेळ चालेल. फुटबॉलवाल्यांनी तीन-चार नावं घेतली, एकाने क्रिकेटमधलं सांगितलं. सलिव्हन कुणालाच आठवला नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस आधीपर्यंत मलाही तो माहीत नव्हता.

त्याच्याकडे वळण्याआधी दोन मिनिटं त्याच्या खेळाविषयी. रग्बी म्हटलं की आपल्याला ‘इन्व्हिक्टस’ सिनेमा आठवतो. त्यातलं रग्बी युनियन, १५ जणांचं. क्लाइव्ह खेळायचा ते रग्बी लीग, १३ जणांचं. दोन्ही एकाच घरातले, पण १८९५ मध्ये भांडून वेगळे झालेले भाऊ. भांडण पैशांचं होतं. उत्तर इंग्लंडमधले बरेच खेळाडू खाणीत, गिरणीत कामाला होते. सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडायची. त्यांच्या क्लबांचं म्हणणं साधं होतं, बुडालेली मजुरी तरी भरून द्या. दक्षिणेतल्या साहेबलोकांना ते पटेना, कारण खेळ हौसेचाच असावा असा त्यांचा आग्रह. शेवटी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात २२ क्लब जमले आणि बाहेर पडले. पुढे या फुटीर गटाने नियमही बदलले. आणि लीग खेळणाऱ्याला युनियनचे दरवाजे बंद झाले. ही शिवाशिव पुढची शंभर वर्षं चालली. १९९५ मध्ये युनियननेच पैसे घेऊन खेळणं मान्य केलं, तेव्हा कुठे ती संपली.

कबड्डी पाहत असाल तर लीग पटकन कळेल. चढाईला निघाल्यासारखा एकजण चेंडू घेऊन समोरच्या भिंतीवर धावतो आणि तीन-चार जण त्याला घेरून आडवा करतात. फरक इतकाच, की इथे पकड झालेला बाद होत नाही. तो उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो आणि पुढचा गडी तो उचलून धावतो. समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की झाला ‘ट्राय’. या धुमश्चक्रीपासून लांब, मैदानाच्या कडेला उभा असतो तो विंगर. बराच वेळ त्याच्याकडे चेंडू येतच नाही. पण आला, की समोर थोडी मोकळी जागा आणि सुसाट पळणं. क्लाइव्ह विंगर होता. म्हणजे ज्याचं पोट पायांवर चालतं, असा खेळाडू.

आणि त्या पायांबद्दलच डॉक्टरांचं मत वाईट होतं.

क्लाइव्हचा जन्म ९ एप्रिल १९४३ चा. गाव कार्डिफ, वेल्सची राजधानी. वस्ती स्प्लॉट नावाची, गोदीला आणि पोलादाच्या कारखान्याला लागून असलेली कामगारवस्ती. लहानपणी त्याच्या पायांवर, पावलांवर, खांद्यांवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. हा मुलगा मोठेपणी नीट चालू शकेल याचीच शंका होती, खेळणं दूरच. तुमच्या-माझ्या शाळेतही पीटीच्या तासाला कट्ट्यावर बसणारा एखादा मुलगा असायचा ना, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेला? कार्डिफच्या त्या शाळेत तो मुलगा क्लाइव्ह होता असं समजा.

त्यात आणखी एक अडचण. वेल्समध्ये रग्बी युनियन म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट, किंबहुना त्याहून थोडं जास्तच. पण वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. तोवर कार्डिफच्या गोदीभागातल्या किती चांगल्या पोरांनी बॅगा भरून उत्तर इंग्लंडची गाडी पकडली! टायगर बे वस्तीतला बिली बोस्टन १९५३ मध्ये विगनला गेला आणि तिथला देव झाला. कॉलिन डिक्सन आणि जॉनी फ्रीमन हॅलिफॅक्सला गेले. जन्मगावाने ज्यांना पाहिलंच नाही, त्यांना दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या गिरणगावांनी डोक्यावर घेतलं. लीगवाले संत होते असं मी म्हणत नाही, त्यांना सामने जिंकायचे होते. पण दार त्यांचंच उघडं होतं, हे खरं.

क्लाइव्हच्या डोक्यात मात्र यातलं काही नव्हतं. खेळाचं प्रकरण आपल्यासाठी संपलं असं धरून तो सैन्यात भरती झाला आणि यॉर्कशायरमधल्या कॅटरिकच्या छावणीत पोचला. तिथे सैन्याच्या दोन तुकड्यांमध्ये रग्बीचा सामना होता आणि एक गडी कमी पडत होता. हा वेल्सचा आहे म्हणजे याला रग्बी येतच असणार, असा हिशेब करून त्याचं नाव यादीत घातलं गेलं. कोल्हापूरचा पोरगा दिसला की कुस्ती येत असेलच, असं लोक धरून चालतात ना, तसंच.

इथे तो पेचात पडला. शस्त्रक्रियांचं सांगावं तर नोकरी जाण्याची भीती. न सांगावं तर मैदानात उतरावं लागणार. त्याने मधला मार्ग काढला. उतरायचं, जरा इकडेतिकडे करायचं आणि पाय दुखावल्याचं नाटक करून बाहेर यायचं. बेत चांगला होता. पण चेंडू हातात आला आणि समोर मोकळी जागा दिसली. पाय आपोआप पळायला लागले आणि ट्राय करूनच थांबले. जे पाय चालतील की नाही ते माहीत नव्हतं, ते इतक्या वेगाने पळतात हे बहुधा त्यालाही तेव्हाच कळलं.

मग एका लीग क्लबची चाचणी झाली, ब्रॅडफर्ड नॉर्दर्नची. त्यांनी नको म्हटलं. (त्या निवड समितीवर कोण होतं ते मी मुद्दाम शोधलं नाही. त्यांनाही आयुष्यभर पुरेसं वाईट वाटलं असेल.) नंतर १९६१ च्या डिसेंबरमध्ये हल एफसी या क्लबकडून चाचणीचा सामना. सैन्यात नोकरीला असल्यामुळे त्याने अट घातली, की आपलं नाव बाहेर येता कामा नये. म्हणून प्रेक्षकांना फक्त एक अनोळखी, सडपातळ, १८ वर्षांचा पोरगा विंगवर उभा दिसला. त्या अनोळखी पोराने त्या दिवशी तीन ट्राय केले. हल एफसीने लगेच करारावर सही घेतली. आता नाव लपवण्यात काही अर्थच राहिला नव्हता.

हे वाचताना मला माझी पहिली बातमी आठवली. पाणीकपातीची होती, सहा ओळींची, आणि वर छापलं होतं ‘प्रतिनिधी’. आईने तरीही ती कापून ठेवलीये. तीन ट्रायच्या तुलनेत सहा ओळी काहीच नाहीत, पण नाव नसताना काम करणं काय असतं ते तेवढ्यापुरतं कळलं.

पुढची काही वर्षं सरळ गेली नाहीत. १९६३ मध्ये मोटार अपघातात तो मरता मरता वाचला आणि काही महिन्यांत पुन्हा मैदानात आला. सैन्याने सायप्रसला पाठवलं, तिथे जाऊन आला. १९६४ मध्ये सैन्य सोडून तो पूर्णपणे हलचा झाला. गुडघ्यांनी अधूनमधून त्रास दिलाच. तरी १९६७ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या संघात निवड झाली आणि १९६८ च्या विश्वचषकात त्याने न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक केली. त्याच वर्षी हलकडून डाँकास्टरविरुद्ध एकाच सामन्यात सात ट्राय! सात म्हणजे किती, हे क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एकाच डावात आठ-नऊ विकेट काढण्यासारखं काहीतरी.

आणि मग १९७२.

त्या वर्षी ग्रेट ब्रिटनने त्याला कॅप्टन केलं. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा कृष्णवर्णीय कॅप्टन याआधी झाला नव्हता. या तारखेचं वजन कळायचं असेल तर शेजारी फुटबॉल ठेवून बघा. इंग्लंडच्या वरिष्ठ फुटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, खेळला १९७८ मध्ये. आणि पॉल इन्स हा तिथला पहिला कृष्णवर्णीय कॅप्टन झाला १९९३ मध्ये. म्हणजे क्लाइव्हनंतर तब्बल २१ वर्षांनी.

विश्वचषक फ्रान्समध्ये होता. चार संघ. ब्रिटनकडून फार अपेक्षा नव्हत्या. पहिल्याच सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाला २७-२१ असं हरवलं, मग फ्रान्सला १३-४, मग न्यूझीलंडला ५३-१९. प्रत्येक सामन्यात कॅप्टनचा एक ट्राय ठरलेला. फायनलला समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया.

११ नोव्हेंबर १९७२, लियाँ शहरातलं जर्लांड स्टेडियम. प्रेक्षक किती? जेमतेम सव्वाचार हजार. विश्वचषकाची फायनल आहे, हे लक्षात घ्या. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला यापेक्षा जास्त माणसं असतात.

ऑस्ट्रेलियाने आधी आघाडी घेतली. मग त्यांच्या एका चढाईत चेंडू हातून निसटला. आपल्या रेषेपासून फार लांब नसलेल्या क्लाइव्हने तो उचलला आणि पळायला सुरुवात केली. मैदानाची जवळपास सगळी लांबी त्याच्या पुढ्यात पडलेली. मागे ऑस्ट्रेलियाचे लोक, त्यात त्यांचा कॅप्टन ग्रॅहम लँगलंड्स, जो स्वतः काही कमी चपळ नव्हता. कुणालाही तो सापडला नाही. या पळण्याचं जुनं फुटेज जमलं तर जरूर बघा. चित्र धूसर आहे, पण पाय स्पष्ट दिसतात. खांदे जवळजवळ स्थिर आणि खाली पावलं अशी पडतात, जणू जमीन तापलेली आहे. शस्त्रक्रियांचा इतिहास माहीत असला की ते बघताना पोटात काहीतरी होतं.

सामना तिथे संपला नाही. ऑस्ट्रेलिया पुन्हा पुढे गेलं. शेवटची थोडी मिनिटं उरली असताना माइक स्टीव्हनसनने ट्राय केला, टेरी क्लॉसनने गोल मारला आणि झाले १०-१०. जादा वेळेत कुणालाच गुण मिळेना. नियम असा होता, की बरोबरी झाली तर साखळीत वरचढ असलेला संघ विजेता. ब्रिटनने साखळीतले तिन्ही सामने जिंकले होते, त्यामुळे कप त्यांचा.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की त्याच सामन्यात लँगलंड्सने हवेत झेप घेऊन केलेला एक अफलातून ट्राय रेफरीने नाकारला होता आणि तो बरोबर होता असं फुटेजवरून दिसतं. आजच्यासारखा व्हिडिओ रेफरी असता तर निकाल वेगळा लागला असता. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या मंडळींना ते अजून सलतं. पण कप घेऊन मैदानात फिरला तो स्प्लॉटचा मुलगा. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ना ब्रिटनला तो कप पुन्हा मिळाला, ना इंग्लंडला.

१९७४ मध्ये त्याला एमबीई हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते ती विश्वचषकाइतकीच अवघड होती. त्याने नदी ओलांडली.

हे नीट समजून घ्या. हल शहराच्या मधून हल नावाचीच छोटी नदी वाहते. नदीच्या पश्चिमेला मच्छीमारांची वस्ती आणि हल एफसी, पांढरा-काळा शर्ट. पूर्वेला मालाच्या गोद्या आणि हल किंग्स्टन रोव्हर्स, पांढरा-लाल शर्ट. तुम्ही कुठल्या काठावर जन्मलात त्यावर तुमचा संघ ठरतो आणि तो मरेपर्यंत बदलत नाही. कोलकात्यात मोहन बागान-ईस्ट बंगाल आहे, तसंच काहीसं. एकाच घरात जावई लाल आणि सासरा काळा असेल तर जेवणाच्या टेबलावर काय होत असेल, कल्पना करा. अशा शहरात पश्चिमेकडच्या क्लबसाठी शेकडो सामने खेळलेला आणि ढिगाने ट्राय केलेला माणूस उठून पूर्वेकडच्या क्लबमध्ये गेला.

असा खेळाडू एरवी दोन्हीकडून शिव्या खातो. क्लाइव्हच्या बाबतीत उलटं झालं. रोव्हर्ससाठी त्याने ११८ ट्राय केले. १९७९ मध्ये रोव्हर्स चॅम्पियन झाले तेव्हा तो संघात होता. आणि १९८० मध्ये आला तो सामना, ज्याची आठवण हलमध्ये आजही लोक सांगतात. चॅलेंज कपच्या फायनलला हल एफसी विरुद्ध रोव्हर्स! मैदान लंडनचं वेम्बली. अख्खं शहर निघालं. प्रेक्षक सुमारे ९५ हजार. शहराबाहेर पडणाऱ्या ए ६३ रस्त्यावर कुणीतरी एक हाताने लिहिलेला फलक लावला. त्याचा अर्थ असा, की सगळ्यात शेवटी जो शहर सोडेल त्याने जाताना दिवे घालवावेत.

रस्ता लक्षात आला ना? तोच तो.

त्या दिवशी रोव्हर्सने १०-५ असं जिंकलं. त्यांचा कॅप्टन रॉजर मिलवर्ड जबडा मोडलेला असताना खेळत राहिला. ३७ वर्षांचा क्लाइव्ह विंगवर होता, जुन्या क्लबच्या विरुद्ध. दोन वर्षांनी काय झालं, तर हल एफसी पुन्हा फायनलला पोचलं, विडनेसशी बरोबरी झाली आणि फेरसामना लागला. क्लाइव्ह तेव्हा हल एफसीत परत आला होता, कोचिंगच्या कामासाठी. फेरसामन्यासाठी संघात बरेच बदल करायचे होते, म्हणून या ३९ वर्षांच्या माणसाला बूट बांधायला सांगितलं. हल एफसी १८-९ ने जिंकलं. दोन्ही काठांची पदकं एकाच घरात आली. आता त्याला काळा म्हणायचं की लाल, हा वाद कुणी घालत बसलं नाही.

आकडे एकदाच सांगून टाकते. कारकिर्दीत ६३९ सामने, ४०६ ट्राय. त्यात ग्रेट ब्रिटनसाठी १७ सामने. हे सगळं त्या काळात, जेव्हा ‘प्रोफेशनल’ म्हणवणारे बहुतेक लीग खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करून शनिवार-रविवारी खेळायचे.

पुढचं थोडक्यात, कारण ते तसं अचानकच घडलं. १९८५ मध्ये तो आजारी पडला. कॅन्सर होता. ८ ऑक्टोबर १९८५ ला तो गेला. वय ४२. तीन वर्षांपूर्वी फेरसामन्यात पळालेला माणूस.

हल शोकात बुडालं, दोन्ही काठांवरचं. आणि थोड्याच दिवसांत शहराने हंबर पुलापासून आत येणाऱ्या त्या मुख्य रस्त्याला त्याचं नाव दिलं. शहरात जन्मलेल्या कुणाचं द्यायचं असतं तर यादी मोठी होती. निवडला तो बाहेरगावाहून आलेला, पहिल्या दिवशी नाव न सांगितलेला खेळाडू. दोन्ही क्लबांमध्ये मग त्याच्या नावाने एक ट्रॉफीही खेळवली जाऊ लागली. त्याचा मुलगा अँथनी पुढे रोव्हर्सकडून, सेंट हेलन्सकडून आणि वेल्सकडून खेळला. विंगवरच.

कार्डिफला जरा उशीर झाला. २०२३ मध्ये तिथल्या बंदरभागात एक पुतळा उभा राहिला. बिली बोस्टन, गस रिसमन आणि क्लाइव्ह सलिव्हन, तिघं एकत्र. तिघंही कार्डिफचेच आणि तिघंही नाव कमवायला उत्तरेला गेलेले. अनावरणाला यातला एकटा बोस्टनच हयात होता. त्याला २०२५ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेली पहिलीच. क्लाइव्ह तेव्हा ८२ वर्षांचा असता.

हल एफसीचं ते जुनं मैदान, जिथे तो उभ्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त पळाला, ते आता राहिलेलं नाही. रस्ता आहे. तुम्ही पश्चिमेकडून आलात तर त्यावरून मच्छीमारांच्या जुन्या वस्तीला समांतर जाता, म्हणजे हल एफसीच्या मुलखातून. शहराच्या मध्याशी क्लाइव्ह सलिव्हन वे संपतो, पण ए ६३ थांबत नाही. नाव बदलून सरळ पुढे जातो, हल नदीवरचा पूल ओलांडतो आणि पलीकडे रोव्हर्सच्या गोद्यांमध्ये उतरतो.